पाहुणे आणि घाट विभाग: यजमानांसाठी सूचना

हिंजवडीला रेल्वे स्टेशन नाही. ही उणीव आपल्या दुसऱ्या बेडरूममध्ये भरून काढावी असं ज्यांना वाटलं, त्यांच्यासाठी या सूचना आहेत. ज्यांना वाटलं नाही ते पाहुणे. त्यांनी वाचायला हरकत नाही, फक्त कशाला हात लावू नये.

आधी वेळेचं बघू. फेज तीनला राहणाऱ्याकडे पाहुणा वेळेवर येत नसतो. साताचं बोलावलं तर साडेसातला तो भूमकर चौकातून फोन करतो, आठला शिवाजी चौकातून, आणि दारात उभा राहतो तोवर चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूचा त्याला वीट आलेला असतो. अशा माणसाला चपला काढता काढता ‘चला, गाडी दाखवतो’ म्हणू नये. पाणी द्यावं, चहा द्यावा, वाहतुकीवर त्याला दहा मिनिटं बोलू द्यावं. ‘आमच्याकडच्या गाड्या मात्र वेळेवर असतात’ हा विनोद मी सतरा वेळा केलाय. अठराव्या वेळी बायको चहाचा ट्रे तसाच आत घेऊन गेली.

बेडरूमचं दार उघडेल तेव्हा गाडी आधीच धावत असावी. पाहुण्यासमोर सुरू करायला गेलात तर ती सुरू होणार नाही, हा निसर्गनियम आहे. इंजिनाला वीज मिळते ती रुळांतून चाकांवाटे, आणि आपल्याकडे चारी बाजूंनी टॉवर उभे राहत असल्यामुळे रुळांवर रोज धुळीचा थर बसतो. म्हणून पाहुणे यायच्या तासभर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसून घ्यावेत. खिडकीही उघडावी. आमचे एक काका आत आले, त्यांनी हवेत दोनदा वास घेतला आणि मला बाजूला नेऊन विचारलं, ‘सगळं ठीक आहे ना रे घरी?’

आता मुख्य धोका. पाहुणा बघताक्षणी म्हणेल, ‘अरे वा, किल्ला!’ वाईट वाटून घेऊ नये. थर्माकोलचा डोंगर, त्यावर रंगवलेला भुसा आणि वाळवलेला चहाचा चोथा बघून मराठी माणसाला दिवाळीच आठवणार. तुम्हाला तो भोर घाट वाटतो, कारण तुम्ही त्यावर तीन वर्षं घालवली आहेत. मुलं तर सरळ महाराजांचं सिंहासन शोधतात. एका भाचीने दप्तरातून मातीचा मावळा काढला आणि मंकी हिलच्या बोगद्यावर उभा केला. मी काढला नाही. 1863 मध्ये रेल्वे हा घाट चढली तेव्हा तिथे मावळा नव्हता, पण ते तिला सांगणार कोण? मोठी माणसं त्याहून पुढे जातात: ‘गणपतीत मखराभोवती फिरवा की!’ यावर हसावं आणि विषय मोदकांकडे न्यावा.

आकडे सांगू नयेत. अगदीच राहवलं नाही तर एकच सांगावा: एकास सत्त्याऐंशी. इथे थांबलात तर तुम्ही माझ्याहून थोर. मी पुढे सांगतोच, की या प्रमाणात कर्जत ते लोणावळ्याचे 28 किलोमीटर म्हणजे तीनशेवीस मीटर होतात आणि आमची खोली साडेतीन मीटरची आहे. की एक डबा जवळजवळ पंचवीस सेंटिमीटरचा, म्हणजे सतरा डब्यांची पुरी गाडी खोलीत सरळ उभीच राहू शकत नाही, आणि वर्तुळात घातली तर इंजिन स्वतःच्याच गार्डाच्या मागे लागतं. म्हणून पाच डबे. पाहुणा यावर ‘अच्छा’ म्हणतो. हा ‘अच्छा’ ओळखायला शिकावं. त्याचा अर्थ ‘जेवण कधी’ असा असतो.

रुळांच्या रुंदीबद्दल तर अवाक्षर काढू नये. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. त्या हिशेबाने रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरवर हवेत, पण दुकानात मिळतात ते साडेसोळाचे, कारण ते परदेशी 1435 मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेले असतात. ही लबाडी पाहुण्याला कधीच दिसत नाही. ती फक्त दुसऱ्या छंदिष्टाला दिसते, म्हणून त्याला घरी बोलावू नये.

‘एकूण खर्च किती आला हो?’ हा प्रश्न नेमका बायको पापड घेऊन आत येते तेव्हाच येतो. उत्तर पाठ करून ठेवा: ‘हळूहळू जमवलंय.’ यात असत्य काही नाही.

मुलांच्या हाती वेगाचा खटका देऊ नये, शिट्टीचं बटण द्यावं. ताशी शंभर किलोमीटरची गाडी आपल्या प्रमाणात सेकंदाला बत्तीस सेंटिमीटर जाते हे मुलांना पटत नाही. त्यांना ती पलंगाखाली गेलेली हवी असते. गाडी घसरलीच, तर स्टेशनवरच्या बाईंच्या आवाजात ‘असुविधा के लिए खेद है’ म्हणावं. या छंदातला हा एकच विनोद सगळ्यांना कळतो.

बारा मिनिटांनी दिवे मालवावेत. कुणाला आणखी बघायचं असेल (नसतं), तर कोथरूडला कर्वे रस्त्यावर जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 पासून, तिकडे पाठवावं. भाऊ जोशींनी उभं केलेलं ते दिव्यांचं, सिग्नलांचं अख्खं शहर बघताना लोक अगदी गप्प बसतात. तिकीट काढलेलं असतं ना.

राहिली आत्या. ती वरच्या कुठल्याच सूचनेत बसली नाही. दादरला नोकरी, घर पुण्यात, दर शनिवारी घाट चढून यायची. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिने गाडीच्या चार फेऱ्या बघितल्या. मी आपला सदतिसात एक चढ, बोगदे, उतारावरचे ब्रेक वगैरे सांगत होतो.

‘कर्जतला मागून इंजिन लागत नाही का तुझ्या गाडीला?’

आमचा चढ सौम्य आहे, पाच डबे एका इंजिनाला झेपतात, मागे बँकर लावायची गरजच पडत नाही, असं मी समजावलं.

‘पण मग धक्का कुठे बसतो?’ ती म्हणाली. ‘मागून इंजिन लागलं की धक्का बसायचा आणि हातातल्या वड्याची चटणी साडीवर सांडायची. मग कळायचं, आता घाट.’

बँकर मागवला आहे. किंमत विचारल्यास वरील उत्तर द्यावे.