ब्राह्ममुहूर्ताचे नवे मक्तेदार

पहाटे पाचला शय्यात्याग करणाऱ्यासच यशःश्री माळ घालते, हा सिद्धान्त रॉबिन शर्मा नामक कॅनडास्थित गृहस्थांनी २०१८ साली ग्रंथबद्ध केल्यापासून, गोंदिया शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी गजर लावून उठू लागली असून, उठल्याची वर्दी मोबाईलवरून समस्त आप्तेष्टांस देण्यातच त्यांची निम्मी पहाट खर्ची पडते, असे ऐकिवात आहे.

याच जिल्ह्यातील सालेकसा-देवरीकडील बाया मात्र, चैत्र लागला की, कोणत्याही ग्रंथाचा आधार नसताना, अंधारातच टोपल्या घेऊन मोहाच्या झाडाखाली हजर होतात. कारण फूल रात्रीतून गळते, आणि झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून वा जाळून जागा साफ ठेवली असली, तरी उजाडल्यावर उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला गुरांनी तुडवलेला चिखलच उरतो. अस्वलेही पहाटे उठणाऱ्यांपैकीच असल्यामुळे, यशस्वी व्यक्तींच्या सहवासाचा जो लाभ शहरात पैसे मोजून घ्यावा लागतो, तो येथे विनामूल्य, क्वचित प्राणावर बेतून, मिळतो.

वैशाखात तेंदूपत्ता आला की शिरस्ता तोच; फक्त सत्तर पानांचा एक याप्रमाणे पुडे बांधून ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यावे लागतात, आणि पाने कमी भरल्यास, ‘फळापेक्षा प्रयत्न महत्त्वाचा’ हे सुवचन मुनशी आपल्या वहीत जमेस धरीत नाही.