एरंडाचं गुऱ्हाळ

मोगली एरंड कुंपणाला लावतात, कारण शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. शेळीने नाकारलेलं हे झाड 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीला मात्र पसंत पडलं. पडीक जमिनीवर, फारशी निगा न राखता वाढेल आणि वर डिझेलही देईल! 2009 च्या जैवइंधन धोरणाने 2017 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के जैवडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं. झाड जगलं, पण बिया धरायच्या तर त्यालाही पाणी-खत लागतं म्हणे. 2017 उलटलं, तेव्हा डिझेलमध्ये जैवडिझेल एक टक्काही नव्हतं. मग 2018 च्या धोरणाने उद्दिष्टच 5 टक्क्यांवर आणलं, मुदत 2030. पोरगं नापास होतंय ना, मग पासाचे गुण कमी करा!

त्याच 2018 च्या ऑगस्टमध्ये देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने याच बियांच्या तेलापासून इंधन केलं आणि ते मिसळून दिल्लीपर्यंत विमान उडालं. शास्त्रज्ञांनी त्यांचं काम चोख केलं, तिथे बोट ठेवायला जागा नाही. अडलंय ते बियांपाशी.

आता पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी पाळी उसाची. त्याला पाणी लागतं हे शोधायला निदान समिती तरी नेमावी लागणार नाही.