दुभाषी यंत्रणा लावण्याची सोपी रीत (नंदनवन आवृत्ती)

नागपूरच्या नंदनवनात, जगनाडे चौकाच्या आसपास तुमचं साऊंडचं दुकान आहे. आजवर गणपती, हळदी आणि वॉर्डातल्या सभा केल्या. आता परिषदेचं काम आलंय: चेन्नईचे प्राध्यापक, जपानचे भिक्खू, दिल्लीचे अधिकारी, आणि प्रत्येकाच्या कानात त्याची भाषा. तुम्ही ‘होऊन जाते भाऊ’ म्हणून मोकळे झालात. आता पुढचं वाचा.

पायरी १ : घाबरू नका.
आपल्या शहराला पाहुण्यांची सवय आहे. पहिलं विश्व हिंदी संमेलन १९७५ साली नागपुरातच झालं, तेव्हा ३० देशांचे प्रतिनिधी आले होते. तंत्रही नवं नाही. १९४५ साली न्यूरेम्बर्गच्या खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन एकाच वेळी हेडफोनमध्ये ऐकू येत होत्या. आपल्या लोकसभेत ही सोय १९६४पासून आहे. तुम्ही साठेक वर्षं उशिरा आलात. विदर्भात याला उशीर म्हणत नाहीत.

पायरी २ : सामान ओळखा.
वक्त्याचा आवाज बूथमध्ये जातो. काचेमागे बसलेला दुभाषी ऐकता ऐकताच दुसऱ्या भाषेत बोलतो. त्याचा आवाज ट्रान्समीटरमधून रेडिएटरवर येतो. रेडिएटर म्हणजे बारीक एलईडींची पाटी. ती सुमारे ८७० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड किरण सभागृहात फेकते आणि श्रोत्याच्या गळ्यातला रिसीव्हर ते पकडून पुन्हा आवाज करतो. किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे आयोजक येऊन ‘हे बंद आहे का?’ विचारणारच. मोबाइलचा कॅमेरा समोर धरा. बऱ्याच फोनमध्ये जांभळट उजेड दिसतो. तो पाहून आयोजक थक्क झाला की लगेच अ‍ॅडव्हान्स मागा.

नव्या यंत्रांवर ३२पर्यंत चॅनल मिळतात, हे मात्र सांगू नका. ‘मंग बत्तीसही लावून टाका ना’ असं उत्तर येईल. त्यासाठी माणसं कुठून आणायची, याचा विचार त्या वाक्यात नसतो.

पायरी ३ : जागा निवडा.
हे किरण उजेडासारखेच वागतात. भिंत ओलांडत नाहीत, म्हणून बंद दाराआडची चर्चा बाहेर ऐकू जात नाही, आणि शेजारच्या हॉलमध्ये तेच चॅनल पुन्हा वापरता येतात. वैरी एकच: सूर्य. त्याच्या उजेडात इन्फ्रारेड भरपूर असतं, आणि नागपुरात सूर्याला कोणी कमी लेखू नये. आयोजक लॉनवर पांढरा मंडप सुचवेल. सकाळी उद्घाटन झकास होईल. ऊन चढलं की मागच्या रांगेतून हाक येईल, ‘आवाजच नाही येऊन राहिला भाऊ!’

म्हणून हॉलच घ्या. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह जवळ आहे, पण सुमारे २००० खुर्च्यांचं आहे. तिथे एका रेडिएटरवर भागवायला जाऊ नका. गडद पडदे किरण पिऊन टाकतात, फिक्या भिंती परतवतात. रेडिएटर उंच लावा, खाली झुकवा, आणि फुलांच्या कमानीमागे लपवू नका. डेकोरेशनवाला तुमचा साळा असला तरी नाही.

पायरी ४ : बूथ मांडा.
दोघांचा फिरता बूथ आंतरराष्ट्रीय मानकानुसार साधारण १.६० मीटर लांब, तेवढाच रुंद आणि २ मीटर उंच असतो. मे महिन्यात त्यात कूलर ठेवायची इच्छा होईल. आवरा. माइक भेदभाव करत नाही; तमिळ चॅनलवर दिवसभर कूलरच बोलेल. बूथला आवाज न करणारा पंखा आणि हॉलला एसी द्या.

एका भाषेला दोन दुभाषी लागतात, कारण वीस-तीस मिनिटांनंतर डोकं शिणतं आणि चुका वाढतात. ‘दुसरा नुसता बसून काय करून राहिला?’ असा प्रश्न येईल. तो पहिल्याला आकडे आणि नावं लिहून देतो आहे, हे शांतपणे सांगा.

पायरी ५ : वक्ता आवरा.
या पायरीला कोणतंही यंत्र उपयोगी नाही. आपला वक्ता मराठीत उभा राहतो, दुसऱ्या वाक्याला हिंदीत शिरतो, ‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणून इंग्रजीत डोकावतो आणि शेर म्हणून उर्दूत टाळ्या घेतो. मराठीचा दुभाषी हिंदीवाल्याकडे पाहतो, हिंदीवाला छताकडे. भाषण, शेरासकट, आदल्या दिवशी मागून घ्या. न्यूरेम्बर्गला वक्ता वेगात सुटला की पिवळा दिवा लागायचा. थांबायचं असलं की लाल. तुम्हीही दिवे लावा. मात्र प्रमुख पाहुणे पिवळा दिवा पाहून फोटो काढताहेत असं समजतात आणि आणखी रंगात येतात. त्यांच्यासाठी चिठ्ठीच ठेवा.

पायरी ६ : रिसीव्हर वाटा.
ओळखपत्र ठेवून घेतल्याशिवाय रिसीव्हर देऊ नका. तो गळ्यात, समोर, उघडा हवा. खिशात, उपरण्याखाली किंवा सत्काराच्या हाराआड गेला की मुका होतो. ‘याच्यात मॅच लागते का?’ या प्रश्नाला नाही म्हणा. चॅनलची यादी प्रत्येक रांगेत चिकटवा, नाहीतर सगळे पहिल्या चॅनलवर बसून कोरियन ऐकतील आणि भाषण गहन होतं म्हणतील.

पायरी ७ : बिल द्या.
आयोजक यंत्राचं भाडं मुकाट देईल आणि दुभाष्यांच्या आकड्यावर अडेल. ‘ते तर फक्त बोललेच ना?’ वाद घालू नका, त्याला दहा मिनिटं बूथमध्ये बसवा. तुमचं भाडं आठवडाभर थांबलं तरी चालेल, पण दुभाष्यांचे पैसे त्याच संध्याकाळी द्या. यंत्र कोणाकडूनही भाड्यानं मिळतं. ऐकता ऐकता नीट बोलणारा माणूस मिळवायला मात्र फोनवर फोन करावे लागतात, आणि पुढच्या वेळी त्यानं तुमचा फोन उचलायला हवा.