चवीपुरता गहू

उघड उघड समोर आलेल्या गव्हाची मला भीती वाटत नाही. पोळी, पुरी, शंकरपाळे, रव्याचा लाडू ही मंडळी तोंड लपवत नाहीत. मी दुरून हात जोडते आणि बाजूला होते. घात करतो तो वेष पालटून आलेला गहू. मेतकुटात तो असतो. थालिपिठाच्या भाजणीत घराण्यागणिक असतो किंवा नसतो. सूप दाट व्हायला मैदा असतो, कटलेट सुटू नये म्हणून पावाचा चुरा असतो, सोया सॉसमध्ये तर तो मुरलेलाच असतो. आणि हिंगात असतो हे कळलं, तेव्हा माझा फोडणीवरचाच विश्वास उडाला.

मला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की माझं शरीर बिथरतं आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हत्यार चालवतं. आतड्याच्या आतल्या अंगाला अन्नरस शोषून घेणारी मखमलीसारखी लव असते, ती झडून सपाट होते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. माझं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं वर येईना, तेव्हा सासर-माहेरच्या समस्त बायकांनी मला बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि लोखंडी कढईच्या ताब्यात दिलं होतं. ताकद यावी म्हणून मेथीचे लाडूही आले, छान खमंग भाजलेल्या कणकेचे. अखेर एका डॉक्टरांना शंका आली. रक्ताची वेगळी तपासणी झाली, दुर्बीण घालून आतड्याचे तुकडे काढले आणि निदान झालं. औषध? नाही. गहू बंद. किती दिवस? डॉक्टर नुसते हसले.

यावर नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो : "पण थोडंसं खाल्लं तर काय होतंय?"

या थोडंसंचा हिशेब मी तोंडपाठ केला आहे. 'ग्लूटेन-फ्री' म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असू नये, असा आपल्याकडेही नियम आहे. रोज 50 मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तर आतडं पुन्हा बिघडू लागतं. तेवढं ग्लूटेन अर्ध्या ग्रॅम कणकेत सहज भरतं. अर्धा ग्रॅम म्हणजे चिमूट, आणि सगळा मराठी स्वयंपाक तर चिमटीवर चालतो! "अगं, चिमूटभरच घातलंय," हे वाक्य ज्या मायेनं म्हटलं जातं, त्या मायेपुढे मिलिग्रॅमचं काय चालणार? काही तासांनी पोट फुगतं, गुडगुडतं, मग खेपा सुरू होतात. दुसऱ्या दिवशी डोकं असं बधिर की चष्मा फ्रीजमध्ये सापडतो. कित्येकांना तर यातलं काहीच जाणवत नाही, आतडं बिचारं मुकाट्यानं सोसत असतं. मला निदान कळतं तरी, अशी मी स्वतःची समजूत घालते.

त्रास झाला की तपास सुरू. एकदा नुसत्या वरण-भातावर पोट बिघडलं. वरण-भातासारख्या सज्जन पदार्थावर आळ घेणं जिवावर आलं, पण त्या दिवशी दुसरं काही खाल्लंच नव्हतं. तांदूळ, तूरडाळ, हळद, तूप, लिंबू सगळे निर्दोष सुटले. उरली हिंगाची डबी. तिच्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली : गव्हाचं पीठ, खाद्य गोंद, आणि मग हिंग. अस्सल हिंग हा एका झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक, अफगाणिस्तान-इराणकडून येणारा. तो इतका जहाल की नुसता वापरता येत नाही, म्हणून त्यात मैदा, कणीक किंवा गोंद घालून तो माणसाळवतात. थोडक्यात, डबीत हिंग पाहुणा, यजमान दुसराच. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो हे नंतर कळलं. तो आता आमच्या घरी सोन्यासारखा कुलपात नसला, तरी नजरेखाली असतो.

खरी परीक्षा मात्र गिरणीत. "महाराष्ट्रात राहता ना, मग भाकरी खा की!" असं सांगणाऱ्यांनी एकदा गिरणीत उभं राहून बघावं. ज्वारी निर्दोष, बाजरी निर्दोष, नाचणी तर माझी सखीच. पण त्या दळल्या जातात कुठे? जिथे गिरणीवाल्याच्या भुवयासुद्धा कणकेनं पांढऱ्या झालेल्या असतात तिथे. "माझं दळण तांदळावर टाका," असं मी सांगायची. "ताई, तांदळावरच टाकतो," म्हणून तो दिलखुलास हसायचा आणि कुणाच्या तरी गव्हानं माखलेल्या हातानं तो कापडी नळा थापटून माझं पीठ झटकून द्यायचा, एक कणही वाया जाऊ नये म्हणून. त्याच्या प्रामाणिकपणाला तोड नव्हती. शेवटी घरघंटी घेतली. आता पहाटे आमच्या मजल्यावर कुणाला गजर लावावा लागत नाही.

"आमच्या वेळी नव्हती बाई असली दुखणी," हे तर ठरलेलंच. होती, नाव ठाऊक नव्हतं. गव्हाचा गुन्हा उघडकीला आला तो दुष्काळात. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला पावाचा संशय आधीपासून होता. 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नान्नदशा झाली, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले, आणि पाव मिळेनासा झाल्यावर डिकेकडची या दुखण्याची मुलं चक्क सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. हे वाचल्यापासून मला 1972च्या दुष्काळातला रेशनवरचा मिलो आठवतो. त्या लाल परदेशी ज्वारीला अख्ख्या महाराष्ट्रानं नावं ठेवली, पण तेव्हा कुणा अशक्त पोराच्या अंगी त्याच भाकरीनं मूठभर मांस चढलं असेल, तर ते कुणाच्या ध्यानात आलं असणार?

उपास ही मात्र आमच्या पूर्वजांची माझ्यावर मेहेरबानी. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, रताळी, शेंगदाणे : नियम कुणी केले ठाऊक नाही, पण माझ्यासाठीच केल्यासारखे आहेत. 'एकादशी, दुप्पट खाशी' हे मी वैद्यकीय सल्ल्यानुसार पाळते. परक्या गावी हॉटेलात गेले की "उपासाचं काय आहे?" एवढंच विचारते. वेटर मला भाविक समजतो आणि खिचडीवर दही जास्त वाढतो.

देवधर्मात अडचण एकच, सत्यनारायण. सव्वाच्या मापाचा रवा, तितकंच तूप, तितकीच साखर. प्रसाद न घेता उठलेल्या कलावतीच्या नवऱ्याची नौका बुडते, ही कथा ऐकून लगेच प्रसाद नाकारायला छाती लागते. माझ्या नवऱ्याची नौका नाही, बँकेत नोकरी आहे. शिवाय तो माझ्याही वाटचा शिरा आनंदानं खातो, त्यामुळे देवाची तक्रार नसावी. मी द्रोण कपाळाला लावते आणि त्याच्याकडे सरकवते. केळं ठेवून घेते.

सासूबाईंना सुरुवातीला हे सगळं थेर वाटलं होतं. पण एकदा त्यांच्या हातच्या आळूच्या फदफद्यानं मी दोन दिवस आडवी झाले. त्यांनी आळूला चमचाभर कणीक लावली होती. तेव्हापासून हा खटला त्यांनी स्वतःकडे घेतला. परवा एका लग्नात मी डब्यातली भाकरी काढून बसणार, तेवढ्यात या कुठे दिसेनात. शोधत गेले तर त्या भटारखान्यात उभ्या.

"वरणाला हिंग कुठला? डबी दाखवा," त्या आचाऱ्याला विचारत होत्या. "आणि हा डाव पुरीच्या पिठात होता का?"

आचाऱ्यानं हजार माणसांच्या स्वयंपाकाकडे बघितलं, मग सासूबाईंकडे.

"आजी," तो म्हणाला, "त्या कोपऱ्यात शेगडी मोकळी आहे. तुम्हीच टाका फोडणी."

त्यांनी पदर खोचला आणि पर्समधून आमची हिंगाची डबी काढली.