मुरवणारे दाजी

दाजींनी चिकन केलं, असं आमच्याकडे म्हणत नाहीत. दाजी चिकन मुरवतात. महिन्यातून एकदा शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडतो : 'रविवारी विंग्ज. पोट रिकामं ठेवून या.' ही सूचना किती शब्दशः घ्यायची असते, ते रविवारी दुपारी तीनच्या सुमारास कळतं.

एरवी स्वतःचा चहाचा कप बेसिनपर्यंत न नेणारा हा माणूस शनिवारी सकाळी सातला चिकनच्या दुकानात हजर. एकदा मीही बरोबर होतो. "नुसते विंग्ज, एक किलो, स्किनसकट," दाजी म्हणाले. आपल्याकडे कोंबडी सोलूनच देतात. दुकानदाराने सुरी खाली ठेवली आणि अगदी आपुलकीने विचारलं, "कुठलं कुत्रं पाळलंय साहेब?" स्किन का हवी, ती भाजल्यावर कशी कुरकुरीत होते, हे दाजी त्याला समजावत राहिले. मागे रांग पानटपरीपर्यंत गेली.

घरी आल्यावर विंगचे तीन भाग करायचे. खांद्याकडचा मांसल, मधला चपटा आणि टोक. टोक टाकून द्यायचं. ताईने ती टोकं मुकाट्याने डब्यात भरली आणि विचारलं, "म्हणजे लॉलीपॉपच ना हो?" हॉटेलातला लॉलीपॉप पंखाचाच असतो, मांस एका बाजूला सारून हाडाची दांडी केलेली, हे तिला पक्कं ठाऊक. दाजींचा चेहरा पडला. "लॉलीपॉप वेगळा. हे बफेलो विंग्ज."

मग इतिहास. १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, अँकर बारमध्ये, टेरेसा बेलिसिमो या बाईंनी रात्री उशिरा आलेल्या मुलाच्या मित्रांसाठी कोंबडीचे पंख तळले आणि तिखट सॉसमध्ये लोणी घालून त्यात घोळवून दिले, अशी कथा सांगतात. दाजी ती दर वेळी सांगतात आणि ताईच्या सासूबाई, म्हणजे आमच्या मावशी, दर वेळी विचारतात, "म्हशीला कुठले रे पंख?" माझी शंका वेगळी. त्या बाईंनी काहीच मुरवलं नव्हतं. पोरं भुकेली होती, तिने तळलं आणि वाढलं. हे मी एकदा बोलून गेलो. पुढचे दोन महिने मला मेसेज आला नाही.

मसाला ग्रॅमच्या काट्यावर. मीठ बारा ग्रॅम. अकरा झालं तर एक चिमूट वाढवायची, तेरा झालं तर काढायची. (ताईचं सगळं अंदाजपंचे, आणि वीस वर्षांत काही बिघडलेलं नाही.) रंगाला ब्याडगी, झणक्याला लवंगी. तिखट मोजायची पद्धत विल्बर स्कोव्हिलने १९१२ साली काढली, हे सांगेपर्यंत मावशींनी लवंगीचा देठ मोडून नाकाशी धरला, दोनदा शिंकल्या आणि म्हणाल्या, "बास, दोन कमी घाल." दाजींनी चार जास्त घातल्या. मग लिंबू आणि वाडगाभर दही, मावशींनी कढीसाठी लावलेलं.

आता शनिवार हा मावशींचा वार.

"फ्रिजमध्ये कोंबडी? आज?"

"आई, खायची नाहीये. मुरायचीय."

"मग माझ्या दुधाशेजारी कशाला मुरतेय?"

शेवटी पातेल्यावर झाकण, झाकणावर ताट आणि ताटावर खलबत्ता अशी तडजोड झाली; जणू कोंबडी रात्री उठून देवघरात जाणार होती. रात्रीतून तीनदा उठून दाजींनी खलबत्ता उतरवला आणि तुकडे खालीवर केले. "आत शिरायला पाहिजे!" खरं तर आत शिरतं ते मीठ, मसाला बराचसा वरच बसतो. आणि लिंबात फार वेळ ठेवलं तर मांस भुसभुशीत होतं. पण सांगणार कोण? दाजी स्वतः एकाच ऑफिसात बावीस वर्षं मुरलेत आणि आत काही शिरलंय असं त्यांच्या साहेबांना अजून वाटत नाही.

रविवारी ओव्हन दोनशे डिग्रीवर. दाजी दर पाच मिनिटांनी थर्मामीटर खुपसणार. आत चौऱ्याहत्तर डिग्री झाल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. पावणेतीनला ताट आलं. सव्वीस तुकडे, नऊ माणसं. चव? खोटं कशाला बोला, झकास होती. पण दुसऱ्या घासाला भाचा लालबुंद होऊन पाण्याकडे धावला.

"पाणी नको!" दाजी ओरडले. "मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही! दही द्या त्याला, दही!"

मावशींनी ताटातल्या हाडांकडे बोट दाखवलं. "त्यांनाच चोपडलंयस की सगळं."

भाच्याला दूध दिलं. सव्वीस तुकडे अकरा मिनिटांत संपले आणि सगळे एकमेकांकडे बघत बसले. तेवढ्यात ताईने आतून कुकर आणला. टोकांचा रस्सा झाला होता, भातही होता. दाजींनी तिसऱ्यांदा भात घेतला, त्यावर रस्सा ओतला आणि बोटं चाटत म्हणाले, "पुढच्या वेळी छत्तीस तास ठेवू."