गुरुवारचा धबधबा

धबधब्याच्या सहलीला निघालेल्या प्रत्येक बसमध्ये दोन गाईड असतात. एकाला त्या कामाचे पैसे मिळतात आणि दुसरा तेच काम करायला स्वतः पैसे भरून आलेला असतो. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. पौडच्या आसपास नदी दिसली रे दिसली की ‘ही मुळा बरं का, आपल्या वाकड-सांगवीची’ असं मागच्या सीटला ऐकवणं, ताम्हिणीत पहिला ढग आडवा आला की पावसाचे आकडे काढणं, आणि खऱ्या गाईडने एखादी उंची सांगितली की तिच्यामागे आपल्या पदरचं ‘साधारण’ जोडणं, ही या प्रकाराची लक्षणं. निगडी, चिखली, मोशी, भोसरी इथल्या मराठी माणसाची अशी पक्की समजूत असते की सह्याद्रीच्या सातबाऱ्यावर आपलं नाव आहे. मग स्वतःच्या हद्दीत वाटाड्याचे पैसे कशाला मोजायचे? मला नेमकं उलट सिद्ध करायचं आहे. लांबून आलेल्या पाहुण्याला गाईड लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त तो माझ्यासारख्या माहितगाराला लागतो. पाहुणा निदान घाबरलेला असतो. माहितगाराने मुकाट्याने मागे चालावं, सांगितलं तिथे थांबावं आणि तोंड मिटून असावं. हे सगळं मी तोंड न मिटता सांगणार आहे, पण त्याला इलाज नाही.

घाटाखाली भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याला जायचं तर गुरुवारी जावं, हे आमच्या पट्ट्यातलं जुनं शहाणपण. महाराष्ट्र रविवारी सुटी घेतो. पिंपरी, भोसरी, चाकणचे बहुतेक कारखाने गुरुवारी. १९४८च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याची एक सुटी कामगाराच्या पदरात टाकली आणि विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना ती वेगवेगळ्या वारी वाटून दिली गेली. आमच्या वाट्याला गुरुवार आला. कारखाने बंद म्हणून महावितरण दुरुस्तीची कामंही गुरुवारीच काढतं. म्हणजे सुटी आहे पण वीज नाही, वीज नाही म्हणून मोटार नाही, मोटार नाही म्हणून वरच्या टाकीत पाणी नाही. अशा दिवशी माणसाला निसर्गाची ओढ लागली नाही तरच नवल. शिवाय रविवारी जाणारे ते पर्यटक आणि गुरुवारी जाणारे आपण निसर्गप्रेमी, असा एक सूक्ष्म भेद करायची सोय होते. हा भेद मला फार प्रिय आहे. त्याला काडीचाही आधार नाही.

आता मला नळांविषयी बोलायचं आहे. बसमधली माणसं इथेच झोपी जातात. वाचकालाही माझी हरकत नाही. देवकुंडची पायवाट भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकाठून जाते. झाडीमागचं ते निळंशार पाणी पाहून मोबाइल बाहेर निघतात आणि ‘काय निसर्ग आहे!’ असे उद्गारही निघतात. त्या पाण्यात बराच वाटा मुळशीचा असतो. मुळशीचं पाणी खरं तर पूर्वेला जायचं. वाकडजवळून, सांगवीवरून, पुण्यातून, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात, असा त्याचा मार्ग ठरलेला होता. टाटांच्या कंपनीने त्याला अबाउट टर्न केलं. धरण बांधलं, बोगद्यातून पाणी घाटमाथ्याच्या कडेला आणलं आणि पोलादी नळांमधून साधारण (हा शब्द माझा) पाचशे मीटर खाली कोकणात सोडलं. हे भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ साली सुरू झालं. त्याआधी १९१५ साली लोणावळा-वळवणच्या पाण्यावर खोपोलीला आणि १९२२ साली ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीला हाच प्रयोग झाला होता. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. एवढा उंच धबधबा अशा रीतीने नळात बंद आहे. तो बाराही महिने पडतो, त्याला पाळ्या आहेत, आणि त्याच्यासमोर आजवर एकाही जोडप्याने फोटो काढलेला नाही.

एवढ्यावर ते पाणी सुटत नाही. भिऱ्याला वीज करून बाहेर पडलं की खाली सरकारी केंद्रात त्याच्याकडून पुन्हा वीज करून घेतात. मग ते कुंडलिकेत येतं आणि कोलाडला त्याच्यावर रबरी नावा नाचतात. वरून पाणी सोडलं नाही तर रोमांचक राफ्टिंगही सुरू होत नाही. त्यातून भिऱ्यालाच एक दीडशे मेगावॉटचा संच असा आहे की विजेची मागणी कमी असताना तो खालचं पाणी उपसून पुन्हा डोंगरावर चढवतो. नाणेघाटात वाऱ्याने उलटे उडणारे तुषार बघायला लोक पहाटे तीनला निघतात. इथे अख्खा धबधबा उलटा वाहतो आणि त्याची दखल फक्त मी घेतो. आपले इतरही लाडके धबधबे तपासून बघावेत. लोणावळ्याचं भुशी धरण जीआयपी रेल्वेने एकोणिसाव्या शतकात वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलं. ज्या पायऱ्यांवर बसून आपण भजी खातो, तो त्याचा सांडवा. भंडारदऱ्याचा छत्रीसारखा पसरणारा अम्ब्रेला फॉल म्हणजे १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणातून सोडलेलं पाणी. झडप बंद झाली की निसर्गही बंद. आणि मुळशीच्या नळांना आणखी एक बाजू आहे, ती सांगताना माझाही आवाज उतरतो. तिथे जमिनी बुडणार म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातून ‘सेनापती’ झाले, लढा मात्र हरला. गावं पाण्याखाली गेली आणि पाणी डोंगरापलीकडे गेलं. इकडे पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. एक दिवस नळ कोरडा असलेल्या घरातला माणूस पैसे भरून, घाट उतरून, पाणी कसं पडतं ते बघायला जातो, यातला विनोद मी रचलेला नाही.

या लांबलचक नळातून मला एकच मुद्दा बाहेर काढायचा होता. पडणाऱ्या पाण्याशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, ती माणसं त्याला पोलादात कोंडतात, झडपा बसवतात, भोवती कुंपण घालतात आणि ‘प्रवेश निषिद्ध’ अशी पाटी लावतात. आपण त्याच पाण्याखाली डोकं देऊन ‘अजून जवळून घे’ म्हणून ओरडतो. धबधबा हे चालू यंत्र आहे आणि त्याला इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण नाही. ही गोष्ट कळायला सगळ्यात लायक लोक कोण असतील, तर ते आमच्याच पट्ट्यातले. चाकणच्या कोणत्याही बऱ्या कंपनीत पाऊल टाकायचं तर सेफ्टी शूज लागतात. पाळीच्या सुरुवातीला टूलबॉक्स टॉक होतो. कुणी घसरता घसरता वाचला तरी ‘निअर मिस’ म्हणून नोंद करावी लागते. दर ४ मार्चला उजवा हात पुढे करून सगळे सुरक्षेची शपथ घेतात. १९४८च्या कारखाने अधिनियमाचं २१वं कलम यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घालायला सांगायचं, ३२वं कलम जमीन निसरडी ठेवू नका म्हणायचं आणि ३३वं कलम खड्डे, हौद, उघडी भोकं झाका नाहीतर कठडा बांधा असं बजावायचं. देवकुंड म्हणजे ही तिन्ही कलमं एकाच जागी मोडलेली. शेवाळलेला कातळ, तळ न दिसणारा डोह आणि वरून कोसळणारं, कुंपण नसलेलं पाणी. आठवडाभर दुसऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे का ते बघत फिरणारा सुपरवायझर गुरुवारी तिथे रबरी चपला घालून येतो. शपथ त्याने कंपनीच्या हद्दीपुरतीच घेतलेली असावी.

इथे थोडा वेळ थट्टा बाजूला ठेवतो. ३० जून २०२४ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लहान मुलं होती. १५ जून २०२५ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. या दोन्ही जागा आडवाटेच्या नाहीत. आमच्याकडून दुचाकीवर चहाला जावं इतक्या जवळच्या आहेत आणि म्हणूनच तिथे गाईड घ्यावा असं कुणाच्या मनातही येत नाही. कुणी म्हणेल, गाईड असता तर पूल पडला नसता का? पूल पडला असता. पण ‘एका वेळी एवढेच चला, बाकीचे थांबा’ म्हणणारा एक माणूस पुलाच्या तोंडाशी असता तर त्याच्यावर किती जण असते, हा प्रश्न उरतोच. भुशीला पाणी बघता बघता चढलं. धबधब्याचा हाच कावा असतो. डोहावर स्वच्छ ऊन असतं, वर पठारावर मात्र ढग रिकामा झालेला असतो. पाणी गढूळ होतं, काटक्या-पाचोळा वाहून येतो, आवाज बदलतो आणि मग हाताशी काही क्षणच उरतात. आपण धबधब्याच्या पायाशी बघत असतो तेव्हा चांगला गाईड त्याच्या माथ्याकडे बघत असतो. मुळशीचा इतिहास, टाटांची सालं, मेगावॉट, यातलं काहीही त्याला ठाऊक नसेल. त्याला पाण्याचा रंग ठाऊक असतो. माझ्या सगळ्या माहितीपेक्षा त्याची एवढी एकच माहिती कामाची आहे, आणि हे कबूल करताना माझ्या अहंकाराला जो त्रास होतो तो मी इथे नमूद करून ठेवतो.

आक्षेप घेणारे असतातच. पहिला आक्षेप असा की आपले आजे-पणजे गाईडशिवाय रानोमाळ हिंडत होते. हिंडत होते, पण ते स्वतःच्या गावच्या रानात. त्या रानातला प्रत्येक ओढा कुठे फसवतो ते त्यांना ठाऊक होतं, आणि आषाढात डोहात उडी मारायचं त्यांना कुणी कशाला सांगेल? त्यांचं ते ज्ञान आज ज्याच्याकडे उरलं आहे, त्या भिऱ्या-पाटणूसच्या माणसाला आपण गाईड म्हणतो. दुसरा आक्षेप, प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढतंच की. काढतं, आणि काढायलाच हवा. पण आदेश जिल्हाभराचा असतो आणि तारखेवर चालतो. पाणी तासावर चालतं. शिवाय एका धबधब्यावर बंदी आली की बस दुसऱ्या धबधब्याकडे वळते, जिथे अजून कुणी बुडालेलं नाही म्हणून पाटीही लागलेली नाही. तिसरा आक्षेप मात्र मला मनापासून पटतो: सगळं शिट्टीवर करायचं, रांगेत चालायचं, ठरल्या वेळी भिजायचं आणि ठरल्या वेळी कोरडं व्हायचं, तर ती सुटी कसली? ती तर आणखी एक पाळी झाली. खरं आहे. घाट उतरल्यावर विळे-भागाडला पुन्हा एमआयडीसीची पाटी लागते, तेव्हा तर सुटलो कशातून आणि आलो कुठे असं होऊन जातं. पण या पाळीत एक मोठं सुख आहे. आठवडाभर आपण कुणाला तरी सांगत असतो, समजावत असतो, जाब देत असतो. एक दिवस जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यातल्या शिट्टीत टाकून नुसतं भिजता येणं हाच खरा वीकली ऑफ. माझ्यासारख्याला तो सगळ्यात जड जातो, हा शिट्टीचा दोष नव्हे.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं. आयोजकाला पैसे मिळतात ते धबधबा दाखवण्याचे. अर्ध्या वाटेवर गाईड म्हणाला, ‘वर काळं झालंय, आज पुढं नाही जायचं’, की बसमध्ये पहिला शब्द उमटतो तो ‘रिफंड’. मग आयोजक गाईडकडे बघतो, गाईड आभाळाकडे बघतो आणि सगळे मिळून ‘दहा मिनिटांत जाऊन येऊ’ अशा मधल्या मार्गावर येतात. याच मधल्या मार्गावर अपघात होतात. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये अँडॉनची दोरी असते. काही बिघडलेलं दिसलं तर साधा कामगारही ती ओढून लाईन थांबवू शकतो, आणि त्या थांबलेल्या मिनिटांचा पगार कुणी त्याच्याकडून कापून घेत नाही. जी गोष्ट आम्ही सहा दिवस मुकाट मान्य करतो, ती सातव्या दिवशी मान्य करायला काय हरकत आहे? माझी सूचना साधी आहे. धबधबा न दाखवता परत आणणाऱ्या गाईडला पूर्ण पैसे द्यावेत, वर चहा पाजावा आणि परतीच्या घाटात त्याला मुळशीच्या नळांचा इतिहास ऐकवू नये. पैसे वसूल झाले की नाही हे ज्याला तपासायचंच असेल, त्याने शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला जाऊन स्वतःच्या हाताने कार्ड पंच करावं.