कार्डनाना

मुळशी तालुक्यात लग्नाची तारीख ठरली की आचारी, मांडववाला आणि बँजोपार्टी यांच्या पाठोपाठ नानांना सुपारी जाते. नाना हे एका माणसाचं नाव नाही. पौडला एक नाना आहेत, पिरंगुटला आहेत, धरणाच्या कडेने आत गेलात तर तिथेही सापडतील. 36 फोटोंच्या रोलवर हात बसलेला, दुकानावर पासपोर्ट फोटोची फिकी पाटी. लेन्सबद्दल विचारलंत तर ‘बरी आहे’ म्हणतील. मेमरी कार्डाबद्दल विचारणार असाल तर आधी घरी उशीर होईल म्हणून कळवून ठेवा.

“कार्ड म्हणजे सोयरीक. घराणं बघायचं, रंग नाही,” इथून सुरुवात. एसडी कार्ड 1999 साली सॅनडिस्क, तोशिबा आणि ‘आपले पॅनासॉनिकवाले’ अशा तिघांनी आणलं, हे नाना घरचं कार्य असल्यासारखं सांगतात. मग पत्रिका. “वर 170 एमबी छापलंय ना? तो वाचायचा वेग, तोही जास्तीत जास्त. मुलगा लाखभर कमावतो म्हणतात, तसं. घरी किती देतो ते विचार!” घरी देण्याचा आकडा म्हणजे कोपऱ्यातला बारीक ‘व्ही30’: सेकंदाला निदान 30 एमबी लिहिणार. व्हिडिओ अडखळू नये म्हणून तोच बघायचा.

खरेदीला नाना पुण्यात तापकीर गल्लीत जातात आणि पक्कं बिल मागतात. दुकानदार ‘बिलाशिवाय स्वस्त पडेल’ म्हणाला की नाना कार्ड खाली ठेवतात. बनावट कार्डाचा त्यांनी धसकाच घेतलाय. आत जागा 8 जीबीची, पण कंट्रोलरला 128 सांगायला पढवलेलं. हळदीपर्यंत सगळं सुरळीत. मंगलाष्टकं सुरू झाली की ते जुन्या फोटोंवर नवे लिहितं, नाहीतर नुसतं गिळतं. वर कॅमेऱ्याला सांगतं, झालं काम! म्हणून नवं कार्ड आणलं की नाना ‘एच2टेस्टडब्ल्यू’ लावतात. हा प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं परत वाचून बघतो. नानांच्या कॉम्प्युटरवर यात रात्र जाते. ‘वॉरंटी आहे की’ असं कुणी म्हणालंच, तर उत्तर तयार: “कंपनी नवं कार्ड देईल. लग्न परत लावून देईल का?”

पावसाळ्यात ताम्हिणीत लाखाचा कॅमेरा गळ्यात आणि बिनबिलाचं कार्ड पोटात घालून धबधबे टिपणारी पोरं बघितली की नानांना भरून येतं.

लग्नात मात्र त्यांची शिस्त बघावी. एका मोठ्या कार्डाऐवजी 64 ची दोन. हळदीचं वेगळं, लग्नाचं वेगळं. भरलेलं कार्ड बंडीच्या आतल्या खिशात, आणि पंगतीत डावा हात त्या खिशावर. फोटो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय पुसणं नाही, आणि फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच. भाच्याने एकदा चालू कॉपीत कार्ड उपटलं, तेव्हापासून तो फक्त छत्री धरतो.

आता फोटो. नवरीचे डोळे मिटलेले, नवऱ्याच्या डोक्यातून नारळाचं झाड उगवलेलं, मामा अर्धे. पण नानांचा एकही फोटो आजवर हरवलेला नाही, आणि तालुक्यातल्या बऱ्याच जावयांची तक्रार नेमकी हीच आहे.